करवतीच्या पलीकडच्या मुठीला मार्गी

आधी मार्गीचं नाव लिहिते, मग काय झालं ते सांगते. आमच्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकताई म्हणाल्या होत्या, "सुनंदाकाकू, सुरुवात जरा थरारक करा. अस्वल वगैरे असेलच ना तुमच्याकडे!" अस्वल आहे, पुढे येईल, तेही पाठमोरं. पण मार्गीला मागे ठेवून अस्वलाला पुढे आणणं मला जमायचं नाही.

मार्गी म्हणजे आमच्या टोळीची मुकादम. मी तिला मुकादमच म्हणते, तिला तो शब्द आवडतो. साठी कधीच ओलांडलेली, अंगाने काटकुळी, आणि डोक्यावर एक टोपी, जिचा मूळ रंग कोणता हे तिलाही सांगता यायचं नाही. बोलणं कमी, शिव्या भरपूर. आज मी डोंगरात करवत धरते, रेडिओवर चार वाक्यं इंग्रजीत बोलते, ते तिच्यामुळे. आणि भोरच्या जगताप सरांना त्यांची लेक आज फोनवर रागावू शकते, तेही तिच्यामुळेच. कसं ते आता सांगते.

माझं शिक्षण सातवी. आठवीत नाव घातलं होतं, पण शाळा नदीपलीकडे आणि घरी धाकटी भावंडं, तेव्हा ते नाव पटावरच राहिलं. मी रोजगार हमीच्या रस्त्यावर गेले. वेल्ह्याकडच्या डोंगरात घाटरस्ता काढत होते. खडी फोडली, घमेली वाहिली, आणि एका म्हाताऱ्या मुकादमाने कुदळ कशी धरायची ते दाखवलं. पुढे लग्न, संसार, एक मुलगी. नणंदेने अमेरिकेचे आमचे पेपर टाकले होते, ते आम्ही पार विसरून गेल्यावर नंबर लागला. असे आम्ही इथे बॉथेल नावाच्या गावी आलो. आमचे हे एका किराणा दुकानात लागले आणि मी घरच्या तळघरात पोळ्या लाटायला लागले. इथल्या मराठी मुलांना डबे द्यायचे. पोळ्या लाटण्यात मला कमीपणा वाटत नाही, हिवाळ्यात अजूनही तेच करते. पण मी मुळात काळजीखोर बाई. दारावरची बेल वाजली तरी मी आतूनच कानोसा घेत बसायचे, कारण दार उघडलं की इंग्रजी बोलावं लागणार.

मंडळाच्या मुलांनी एकदा श्रमदानाचा दिवस ठरवला. कॅस्केड पर्वतात जाऊन पायवाट दुरुस्त करायची. मी गेले ते पोळी-भाजी वाढायला. मुलं सगळी गुणी, पण कुदळ अशी मारत होती जशी डास मारतात. मला बघवेना. एकाच्या हातातली घेतली आणि म्हटलं, "अरे बाळा, दांडा सैल सोड, वजन कुदळीलाच आहे." चर काढून दिला. वर बघते तर टोपीवाली बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"हे कुठे शिकलीस?"

मी आठवून आठवून म्हटलं, "गव्हर्नमेंट रोड."

ती खूप हसली. पुढच्या आठवड्यात ये म्हणाली. मी मान हलवली, नाही. माय इंग्लिश नो गुड. तर म्हणाली, "बरं मग. कुदळीलाही येत नाही."

एवढ्या वाक्यावर मी त्या कामाला लागले. आता मंडळात कुणी विचारलं, काकू कुठल्या कंपनीत, तर मी डोंगराच्या म्हणते.

काम काय ते थोडक्यात सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही फिरतो. हा सगळा पर्वत राखीव रान आहे. तिथे माणसाने पाहुण्यासारखं जायचं आणि पाहुण्यासारखं निघायचं. इंजिनाचं काहीही चालत नाही. मोटर नाही, सायकलसुद्धा नाही. म्हणून वाटेवर झाड पडलं की ते हातकरवतीने कापायचं. दोन माणसांची, माणसापेक्षा लांब करवत, दोन टोकांना दोन मुठी. त्यात एकच गोष्ट कळायला लागते: फक्त ओढायचं, कधी ढकलायचं नाही. तुम्ही ओढलं की सोडून द्या, पलीकडची आपली पाळी आली की ओढेल. ढकललंत तर पातं वाकतं आणि लाकडात अडकतं. नवीन माणसाला सगळ्यात जड जातं ते हे सोडून देणं. मलाही गेलं.

आणि झाडांपेक्षा जास्त काम पाण्याचं. वाटेवर पाणी आलं की चिखल होतो. चिखल झाला की लोक बूट वाचवायला कडेच्या कुरणातून चालतात. त्या उंचीवर बर्फ वर्षातले थोडेच दिवस हटतं. तेवढ्यात जे उगवतं तेवढंच. तिथलं वीतभर झुडूप माझ्या लेकीपेक्षा वयाने मोठं असतं. त्यावर शंभर बूट पडले की दुसरी वाट तयार, मग तिसरी. म्हणून आम्ही दगड लावून, चर काढून पाणी वाटेबाहेर काढतो आणि बंद केलेल्या वाटेवर एक ओंडका आडवा टाकतो. इथल्या चालणाऱ्यांना ते कळतं: आडवा ओंडका म्हणजे इकडून जायचं नाही.

मंडळी भेटतात नाना तऱ्हेची. एकाने खिंडीपर्यंत पाच लिटरचा कुकर आणला होता. शिट्टीच्या आवाजाने समोरच्या कड्यावरचे पहाडी बोकड उभे राहिले. या बोकडांचं वेगळंच प्रकरण. त्यांना मिठाची हाव, आणि मीठ त्यांना मिळतं माणसाच्या लघवीत. आडोशाला गेलं की शिंगांसकट मागून येतात आणि अगदी अदबीने थांबतात. पहिल्यांदा मी किंचाळत पळाले. मार्गी म्हणाली, "तुझ्यावर एवढं लक्ष ठेवणारा दुसरा कुणी आहे का घरी?" एक काकू नऊवारी आणि स्पोर्ट शूजमध्ये आल्या आणि सगळ्या ग्रुपच्या आधी तळ्यावर पोचून थर्मासमधला चहा पीत बसल्या. आणि एक मुलगा विचारत होता, "मावशी, वर पार्किंग आहे का?"

मला घाबरवणारी गोष्ट बोकड नव्हती आणि अस्वलही नव्हतं. रेडिओ होता. डोंगरात फोन चालत नाही. टोळीला एक रेडिओ असतो आणि रोज संध्याकाळी वनखात्याच्या ठाण्याला खबर द्यायची: आम्ही कुठे, ढग कुठे, वारा कुठून. मार्गीने पहिल्याच उन्हाळ्यात तो माझ्या हातात दिला. मी एका दमात सगळं बोलले आणि उत्तराची वाट बघत बसले. उत्तर येईना. मला वाटलं, माझं इंग्रजी ऐकून ते रागावले. मार्गीने माझा अंगठा बटणावरून उचलला तेव्हा कळलं, दाबून धरलं की पलीकडच्याला बोलताच येत नाही. त्यानंतर रोज माझ्याचकडे. रडकुंडीला येऊन विचारलं, चुकलं तर? ती म्हणाली, "दिसतं ते सांग. वाटतं ते मग. दिसतं तेवढं सांगायला फार इंग्रजी लागत नाही."

जगताप सर भेटले ते मार्गीच्या शेवटच्या हंगामात. शेवटचा हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, पण तिचा उजवा खुबा गेलेला होता आणि डॉक्टरने तिला बजावलं होतं. ती डॉक्टरला देत असलेल्या शिव्यांवरून मला अंदाज होता. बाकीची टोळी दुसऱ्या वाटेवर गेली होती. खिंडीखाली आम्ही दोघीच. मी एक पायरीचा दगड बसवत होते, तो काही केल्या बसेना आणि मी त्याच्याशी मराठीत बोलत होते. मागून आवाज आला.

"मराठी?"

वळून बघते तर पँट मोज्यांत खोचलेले, हातात लोखंडी टोकाची काठी, गळ्यात मफलर आणि खिशातून डोकावणारी माकडटोपी. मी म्हटलं, "हो. सुनंदा, वेल्ह्याकडची."

"अहो, म्हणजे आमच्याच डोंगरातल्या! मी जगताप. भोरला हायस्कूलला गणित शिकवायचो. लेकीकडे आलोय सहा महिन्यांसाठी. तिच्या ग्रुपबरोबर तळ्याला निघालोय. पोरं चालतात कमी, फोटो काढतात जास्त." मग त्यांना कुदळ दिसली. "तुम्ही इथे काय करताय?"

"नोकरी आहे, सर."

"नोकरी? वाटेची?" ते माझ्या दगडावर चढले, दोनदा उडी मारली. "हलत नाही. पास!"

मागून त्यांची लेक मृणाल आली, धापा टाकत. "बाबा, प्लीज, जरा थांबत जा ना. सॉरी हं काकू, हे सगळ्यांशी असेच बोलतात."

सर खाली दरीकडे बघत होते. ओढ्याचा आवाज येत होता. "खाली कुठली वाडी लागते हो?"

मी म्हटलं, "सर, इथे वाडी नाही. खाली नुसतं रान. पार रस्त्यापर्यंत."

"असं कसं? पाणी आहे म्हणजे माणूस असणारच." आणि काठी टेकत निघूनही गेले.

सह्याद्रीत चाललेल्याला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे वाट चुकली की माणूस ओढा धरतो. नाळेने, म्हणजे घळीतून, उतरत गेलं की खाली शेत दिसतं, मग कुत्रं भुंकतं, मग कुणीतरी विचारतं, कुठून आलात पाव्हणं, पाणी घ्या. गडावर फिरणाऱ्यांना हे शिकवतातच. कॅस्केडमध्ये ओढा धरला की धबधबा लागतो, त्याखाली काटेरी झुडपांची भिंत, त्याखाली परत धबधबा. कुत्रं कुठेच भुंकत नाही.

संध्याकाळी आम्ही तंबूपाशी भात शिजवत होतो, तेव्हा रेडिओ बोलला. एक वयस्कर गृहस्थ तळ्यावरून परतताना ग्रुपच्या पुढे निघाले, ते गाडीपाशी पोचलेच नाहीत. लेकीने सिग्नल लागेपर्यंत गाडी खाली नेऊन फोन केला होता. कुणी पाहिलं का?

मार्गीने रेडिओ माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतले. "तू सांग ना. तुझं ते नीट समजतील."

"त्याच्याशी मी बोलले का? तू बोललीस."

मी घेतला. काय घातलंय, काठी कशी, चालतात कसे, ते सांगितलं. ते दिसलेलं होतं. मग वाटलेलं सांगितलं: हे गृहस्थ वाट चुकले असतील तर वर परत येणार नाहीत. पाण्याबरोबर खाली जातील. आमच्या देशात आम्ही तसंच करतो. पलीकडे शोधपथकाचा प्रमुख होता.  या वेळी अंगठा उचललाय ना, ते मी दोनदा बघितलं. तो म्हणाला, ठीक आहे. माझी माणसं तळ्याची बाजू आणि मुख्य वाट बघतील, कारण बहुतेक लोक तिथेच सापडतात. तुम्ही दोघी ओढ्याच्या जवळ आहात, उजाडताच वरून बघा. एक तुकडी मी खालून चढवतो.

उजाडलं तेव्हा दरीत ढग बसले होते, दह्यासारखे घट्ट. खिंडीखाली एक फाटा आहे. खरी वाट उजवीकडे बर्फावर वळते आणि बर्फात दिसेनाशी होते. समोर सरळ एक जुनी वाट ओढ्याबरोबर उतरते, छान कोरडी, पण ती कधीची बंद केलेली. तोंडाशी आमचाच आडवा ओंडका. ओंडक्याच्या पलीकडे ओल्या मातीत काठीच्या टोकाचं भोक होतं. पुढे अजून एक.

थोडं खाली एका पडलेल्या खोडावर तीन दगड एकावर एक रचलेले. आता हेही आमच्याच कामात येतं: लोक हौसेने असे दगड रचतात, दुसरे ते बघून भलतीकडे जातात, म्हणून दिसले की पाडायचे. मार्गीने सवयीने पाय उचलला.

"मार्गी, नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की तीच दचकली. "ते सरांचे आहेत. आमच्याकडे परत फिरायची वेळ आली तर म्हणून ठेवतात."

तिने पाय हळूच खाली घेतला. मग आम्ही त्या दगडांच्या मागोमाग उतरलो. प्रत्येक पडलेल्या झाडावर तीन दगड. शिस्तीचा माणूस. एका जागी मात्र दोनच होते, आणि पुढे काहीच नाही. तिथून खाली धबधब्याचा आवाज. मला रडू यायला लागलं. मार्गी म्हणाली, "हाक मार. तुमच्या भाषेत."

मी तोंडापाशी हात धरून ओरडले, "जगताप सर! ओ सर!"

काही नाही. परत मारली. पाण्याच्या आवाजातून, अगदी बारीक, उत्तर आलं.

"हजर!"

धबधब्याच्या कडेला एका खडकाच्या टप्प्यावर ते बसले होते. माकडटोपी, मफलर, ओठ निळे, आणि डाव्या पायाचा घोटा नको त्या दिशेला. मार्गी माझ्याकडे रेडिओ टाकून बसत घसरत त्यांच्यापर्यंत उतरली. खाली रेडिओ लागत नव्हता, लागत होता तो मी उभी होते त्या कडेवर. म्हणजे बोलायचं मीच. मार्गीने खालून ओरडून सांगायचं, मी पुढे द्यायचं.

इतकी वर्षं ज्याची भीती धरली होती ते असं एकदम आलं की घाबरायलाही सवड मिळाली नाही. बटण दाबलं. माणूस सापडला. जिवंत. बोलतोय. डावा पाय मोडलाय. अंग थंड आहे. जागा: जुनी वाट, पहिल्या धबधब्याची वरची कड. ढग: आमच्या खाली आणि आमच्या वर. अंगठा उचलला. पलीकडून तो प्रमुख म्हणाला, "समजलं. फार छान सांगितलंस." या देशात येऊन मला कुणी परीक्षेचा निकाल असा सांगितला नव्हता. पण पुढचं वाक्य वाईट होतं. ढगामुळे हेलिकॉप्टर येणार नाही. माणसं स्ट्रेचर घेऊन खालून, जुन्या वाटेने चढताहेत. आणि वाटेवर झाडं पडलीत. माणसं ओलांडून येतील, पण भरलेलं स्ट्रेचर ओलांडून कसं जाणार?

मार्गीने हे ऐकलं आणि वर माझ्याकडे बघितलं. "करवत आण."

मी गेले. चढ असा की बोलायची सोय नाही, आणि तरी मी सगळ्या देवांशी बोलत होते. तंबूतून करवत काढली. दातांवर जुना पाण्याचा पाइप चिरून बसवलेला असतो, तो नीट आहे ना बघितलं. ती खांद्यावर टाकली, की पात्याची दोन टोकं चालताना वर-खाली डुलतात आणि टिंग टिंग वाजतात. त्या आवाजाने वळणावर करवंदासारखी निळी फळं खात बसलेलं अस्वल उठलं आणि मला पाठ दाखवून निघून गेलं. एरवी मी तिथेच बसले असते. त्या दिवशी त्याला म्हटलं, "सरक बाबा, घाई आहे."

परत आले तोवर पथकाची मुलं पोचली होती. सरांना वर काढून, गुंडाळून, स्ट्रेचरवर बांधलं होतं. मला बघून म्हणाले, "सुनंदाबाई, तो ओंडका आडवा होता, मी बघितला. पण आपल्याकडे आडवं लाकूड म्हणजे सरपण! मी ओलांडलं."

"सर, बोलू नका."

"बोललो नाही तर पाय दुखतो."

बारीक ओंडके पथकातल्या मुलांनी कापले. एकाने आधी ढकललं, करवत धनुष्यासारखी वाकली, मार्गीने अशी शिवी हासडली की तो कायमचा शिकला. मग छान ओढायला लागला. तासामागून तास गेले: कापा, ओंडका लोटा, स्ट्रेचर दहा हात पुढे, परत झाड. सरांचे दात वाजत होते. पथकातली मुलगी सारखी त्यांची नाडी बघत होती आणि तिच्या तोंडावरून मला कळत होतं की ढगापेक्षा वेळ वाईट आहे.

मग तो मोठा सीडर आला. देवदाराचा थोरला भाऊ म्हणा. माझ्या छातीएवढा जाड, चढावरून उताराकडे वाटेवर आडवा, आणि दोन्ही टोकं टेकलेली, म्हणजे मध्ये सगळा ताण. असं लाकूड कापताना चीर मिटते आणि करवतीला गिळते, म्हणून पाचर मारत जायचं. आणि तुटलं की खालचा तुकडा उसळून एका बाजूला फिरणार. त्या बाजूला जी उभी राहील तिने वेळेवर मागे उडी मारायची. मार्गी सरळ जाऊन त्याच बाजूला उभी राहिली.

मी म्हटलं, "तिकडे मी. तुझा खुबा—"

"तू जड आहेस. तुला उडी जमत नाही. मूठ धर."

धरली. ती ओढते, मी सोडते. मी ओढते, ती सोडते. चीर खोल जायला लागली तशी आमची लय चुकायला लागली, दोघीही थकलेल्या. तेव्हा मागून स्ट्रेचरवरून आवाज आला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"एकोणतीस एके एकोणतीस!"

मी ओढलं.

"एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!"

मार्गीने ओढलं. पुढच्याला मी. तिने मान न वळवता विचारलं, "हे कसलं गाणं?"

"गाणं नाही, गणित!"

"गणित मला कधी आवडलं नाही. पण थांबवू नको म्हणावं."

सरांनी एकोणतीसचा संपवून एकोणीसचा धरला. आवाज बारीक होत होता, मध्येच आकडे गळत होते, पण थांबत नव्हते. आता ते पाय विसरण्यासाठी म्हणत नव्हते, आमच्यासाठी म्हणत होते. मी पाढ्यांत शाळेत कधी पहिली आले नाही. त्या दिवशी एकेका आकड्याला ओढत गेले. लाकूड कुरकुरायला लागलं. मार्गी म्हणाली, "आता." आणि शेवटचं ओढून तिने मूठ सोडली आणि मागे उडी मारली.

ओंडका तुटला तो आवाज मी सांगू शकत नाही. खालचा तुकडा गर्रकन फिरला, ती उभी होती ती जागा झाडून गेला आणि ढगात नाहीसा झाला. मार्गी चिखलात पाठीवर पडली होती. उठता येईना. मी हात दिला. तिने करवतीला पाइप बसवला, पडलेली एक फांदी काठीसारखी टेकली आणि म्हणाली, "पुढे अजून झाडं आहेत. बघत काय बसलीस?"

बाकीची मी आणि पथकातल्या मुलाने कापली. मार्गी पाचर मारायला एका जागी बसायची, मग उठून पुढे लंगडायची. एकदाही थांबूया म्हणाली नाही. उन्हाळ्यात इथे उजेड फार वेळ टिकतो. तो टिकला तोवर आम्ही रस्त्याला लागलो.

अँब्युलन्सच्या दिव्यापाशी मृणाल उभी होती. धावत आली. "बाबा, आर यू क्रेझी? काय गरज होती पुढे जायची? काय सिद्ध करायचं होतं?" आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागली. सर पुटपुटले, "रडू नंतर. आधी या बायकांना चहा पाज." डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र काढली नसती. मी ते मार्गीला सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं," आणि पिकअपमध्ये चढताना पहिल्यांदा तिने माझा खांदा मागितला.

सर भोरला परतले. पायात प्लेट आहे, गड बंद, त्यामुळे घरच्यांवर चिडतात असं मृणाल सांगते. मार्गीचा खुबा बदलला. एकदा बदलला तो नीट बसला नाही, परत बदलला. आता ती पर्वताच्या पलीकडच्या उतारावर भाचीच्या घरी असते, वॉकर घेऊन चालते. बंद वाटांवरचे आडवे ओंडके आता मी तपासते. टोळीतली मुलं मला मुकादम म्हणतात आणि मला अजूनही वाटतं कुणीतरी येऊन विचारेल, तुझा दाखला कुठाय.

गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे गेले होते. पोळ्या नेल्या होत्या. तिने एक जुना फोटो दाखवला. विशीतली मार्गी, तीच करवत, मागे धबधबा. ती जुनी वाट तिच्या पहिल्या उन्हाळ्यातली. तिच्या टोळीने काढलेली. पुढे माणसं कमी झाली, देखभाल परवडेना, वाट नकाशावरून काढून टाकली, आणि तोंडाशी ओंडका टाकायचं काम वरून तिलाच आलं. त्या दिवशी सबंध वाटेत यातलं एक अक्षर बोलली नव्हती. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तेव्हा माणूस खाली न्यायचा होता."

मग खिडकीकडे बघत म्हणाली की त्या वाटेचा वरचा फाटा तळ्याच्या पलीकडच्या काठाला निघतो, त्याने सकाळी पोचलं तर पाण्यावर सबंध शिखर दिसतं, मुख्य वाटेने अर्धंच.

मी ठाण्यात अर्ज केला. बोलायची वाक्यं घरून पाठ करून गेले होते. शोधपथकाच्या प्रमुखाने शब्द टाकला: अडीअडचणीला ती वाट उघडी हवी. परवानगी मिळाली. या उन्हाळ्यात आम्ही खालून सुरुवात केली. खालून पहिल्या धबधब्यापर्यंत पोचलोय. हिवाळा दर वर्षी नवी झाडं पाडणार, त्यातली काही आम्ही साफ केलेल्या जागीच पडणार, हे मला माहीत आहे. माझे गुडघेही वाजायला लागलेत. तरी वाट नुसती माणसाची करायची नाहीये. खेचर जाईल एवढी रुंद करायची आहे. खेचरांवरून टोळीचं सामान नेणाऱ्या माणसाशी बोलून ठेवलंय. त्याच्याकडे एक म्हातारी, गरीब खेचरी आहे, ती चिखलातही पाय जपून टाकते.

मार्गी, तुला मराठी येत नाही, म्हणून हे छापून आल्यावर मीच येऊन वाचून दाखवणार आहे. तुला त्या खेचरीवर बसवून, तुझ्याच वाटेने, सकाळी तळ्यावर नेणार आहे. एका उन्हाळ्यात होणार नाही, दोनांत झालं नाही तर तीन. तू शिव्या देत राहा आणि तोवर चालती राहा. बाकीचं मी बघते.